शेवंतीच्या पायातले कंकर

शेवंती आमची घोडी. रंगाने कुमैत, मागचे दोन्ही पाय खाली पांढरे. ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं नेणाऱ्या ज्या घोडागाड्या असतात, त्यातली एक आमची. आप्पांनी ती तीस वर्षं हाकली, आता दादा हाकतो. हिशेब, चंदीची खरेदी आणि डॉक्टरांचे फोन माझ्याकडे. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात तिच्या पायाला जे झालं, त्याची वहीही माझ्याकडे आहे. कुठल्या दिवशी जखम केवढी होती, कुणी काय सांगितलं, काय लावलं, सगळं तारखेने. किनाऱ्यावरच्या तिघांनी आतापर्यंत ती वही मागून नेली. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

पावसाळ्यात समुद्र खवळला की गाडी बंद. घोडी मोकळी चरते. आमच्या सुपारीच्या वाडीमागे भाताची खाचरं आहेत आणि त्यापलीकडे एक खोलगट जागा. पूर्वी तिथलं पाणी नाल्याने खाडीला जायचं. आजूबाजूला बंगल्यांसाठी भराव पडले, नाला बुजला, आणि तीन-चार वर्षांपासून तिथे जूनपासून दिवाळीपर्यंत हिरवं डबकं साचतं. शेवंती त्या डबक्यात तासन्‌तास उभी राहायची. पाय पाण्यात, वर पावसाची झिमझिम, माशा कमी. तिला बरं वाटतंय म्हणून आम्हालाही बरं वाटायचं. ते डबकं आठवलं की अजून मला घालमेल होते.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खरारा करताना दादाला मागच्या डाव्या पायाच्या नळीवर, खुरापासून वीतभर वर, तारेचा ओरखडा दिसला. नखाएवढा. हळद-तेल लावलं आणि विसरलो. गणपतीच्या धावपळीत कुणी पाहिलं नाही. गौरी आल्या त्या दिवशी वहिनी म्हणाली, "ताई, शेवंती पाय चावतेय." जाऊन पाहते तर ओरखड्याच्या जागी लिंबाएवढा लाल, ओला मांसाचा गोळा. त्यातून चिकट पाणी गळत होतं, नुसतं थेंबाथेंबाने नाही तर तार धरून, तांदळाच्या पेजेला रक्त मिसळावं तसं. आणि घोडी मान वळवून वळवून त्यावर दात चालवत होती.

आप्पांनी पाहिलं आणि लगेच निदान केलं. "बरसाती आहे. पावसाची जखम. थंडी पडली की सुकेल." त्यांनी आयुष्यात अशा दहा तरी जखमा पाहिल्या होत्या आणि त्या थंडीत सुकलेल्याही पाहिल्या होत्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या एका शब्दाने आमचे तीन आठवडे खाल्ले.

त्या तीन आठवड्यांत काय काय केलं ते लपवत नाही. मोरचूद उगाळून लावला, कारण वाडीत बोर्डो मिश्रण करायला मोरचूद घरात असतोच. शेवंती थरथरली, वरचं मांस काळं पडलं, खालून दुप्पट वाढलं. कुणी म्हणालं खाऱ्या पाण्यात उभी करा, ती केली. कुणी डाग द्यायला सांगितलं, त्याला मात्र दादाने नकार दिला. मग मी एका पशुवैद्यांना फोटो पाठवला. त्यांनी फोटोवरूनच उन्हाळी व्रण सांगितला आणि आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाची पेस्ट दिली. दहा दिवस वाट पाहिली. वहीत लिहिलेलं आहे: पहिल्या दिवशी लिंबू, आठव्या दिवशी मोसंबं, अठराव्या दिवशी तळहातात मावेना.

पितृपक्षात दुसरे डॉक्टर प्रत्यक्ष आले. त्यांनी आधी जखमेला हात लावला नाही. घोडीभोवती फिरले, नाकपुड्या पाहिल्या, मग हातमोजे चढवून मांडीच्या आतल्या बाजूने बोटं फिरवत वर गेले. तिथे दोन गाठी लागल्या. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "ताई, रक्त पाठवायला लागेल. रिपोर्ट येईपर्यंत हिला वेगळी बांधा. उघड्या हाताने कुणी जाऊ नका. तोबरा, बादली, खरारा, हिचं हिलाच."

संशय ग्लँडर्सचा होता. हा रोग फुप्फुसात होतो तसा कातडीतही होतो. पायावर गाठींची माळ उठते, त्या फुटतात आणि मधासारखा पू येतो. माणसालाही लागतो आणि माणूस दगावू शकतो. आपल्याकडे याचा कायदा थेट १८९९ साली झाला होता, २००९ साली जनावरांच्या साथरोगांच्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. रक्ताची पक्की तपासणी हरियाणात हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, आणि तिथून होकार आला तर जनावर मारावंच लागतं. ते आठ दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आप्पा पागेच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. आत जायची बंदी, म्हणून बाहेरूनच तिच्याशी बोलत. रिपोर्ट नकारार्थी आला तेव्हा ते उठले आणि पहिल्यांदा तिच्या कपाळाला कपाळ टेकवून उभे राहिले.

मग डॉक्टरांनी जखम खरी पाहिली. दोन्ही अंगठ्यांनी कडा दाबली, तेव्हा मांसातल्या एका भोकातून पिवळट करडा खडा बाहेर आला. वालाच्या दाण्याएवढा, पण गुळगुळीत नाही. पोवळ्याचा तुकडा भरतीने किनाऱ्यावर टाकावा तसा फाटे फुटलेला. चिमटीत धरला तर वाळूसारखा कुरकुरला. डॉक्टर म्हणाले, "याला इंग्रजी पुस्तकात काय म्हणतात माहितीये? कंकर. आपलाच शब्द. आणि रोगाचं जुनं नाव बरसाती. १८८४ साली ब्रिटिश पशुवैद्यांनी हिंदुस्थानातल्या घोड्यांत पाहून लिहिलं, तेव्हा इथलीच नावं उचलली."

आप्पा म्हणाले, "मी तेच सांगत होतो की."

"तुम्ही नाव बरोबर सांगितलंत," डॉक्टर म्हणाले, "पण बरसाती दोन आहेत."

त्यांनी जे समजावलं ते आमच्या पागेत पिढ्यान्‌पिढ्या कुणाला माहीत नव्हतं. पहिली बरसाती माशीची. घोड्याच्या जठरात हॅब्रोनेमा नावाचा बारीक जंत राहतो. त्याची अंडी-अळ्या लिदीतून बाहेर पडतात, लिदीत वाढणाऱ्या माशीच्या अळ्यांच्या पोटात जातात, आणि पुढे माशी घोड्याच्या ओठावर बसली की परत पोटात. हा त्यांचा सरळ रस्ता. पण माशी जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यावर किंवा मुताच्या जागी बसली तर अळ्या तिथेच मांसात शिरतात. त्यांना पुढे जाता येत नाही, आणि कातडी त्यांच्याविरुद्ध पेटून उठते. त्या जखमेतही दाणे असतात, पण तांदळाच्या कणीसारखे बारीक. थंडीत माशी कमी झाली की ती जखम बसते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उठते. आप्पांनी आयुष्यभर पाहिलेली ती ही. फोटोवरून सांगितलेला उन्हाळी व्रणही हाच. तिला आयव्हरमेक्टिन लागू पडतं.

दुसरी बरसाती पाण्याची. तिच्या जिवाणूला, खरं तर जिवाणू नाहीच तो, पिथियम म्हणतात. दिसायला बुरशीसारखा, तंतू धरणारा, पण बुरशीही नव्हे. शेवाळाच्या बाजूचा नातेवाईक. साचलेल्या, कोमट, गोड्या पाण्यात कुजक्या पानांवर तो वाढतो आणि शेपटीवाले बीजाणू सोडतो. हे बीजाणू पोहतात. घोड्याचा केस, खरचटलेली कातडी यांच्याकडे ओढले जातात, चिकटतात आणि आत कोंब घालतात. म्हणजे आम्ही माशांपासून सुटका म्हणून जिथे तिला उभी राहू दिली, तिथेच ते होतं.

आप्पांना पोहणारे बीजाणू पटेनात. तेव्हा डॉक्टरांनी वाडीकडे बोट दाखवलं. "तुमच्या सुपारीला पावसात कोळेरोग येतो ना? फळं गळतात, पांढरी पडतात? तो याच घराण्यातला. आणि हळदीला, आल्याला पाणी साचलं की कंदकूज लागते, ती तर पिथियमचीच, फक्त जात वेगळी." आप्पा गप्प झाले. चाळीस वर्षं पावसाच्या तोंडावर सुपारीवर चढून बोर्डो मारलेल्या माणसाला मग काही समजवावं लागलं नाही. पाणी तुंबलं की काय होतं हे त्यांना झाडांवरून ठाऊक होतं. घोडीवरून ठाऊक नव्हतं एवढंच.

बुरशी नसल्यामुळेच बुरशीची औषधं त्यावर नीट चालत नाहीत. ती बहुतेक औषधं बुरशीच्या पापुद्र्यातल्या ज्या पदार्थावर घाव घालतात, तो पदार्थ पिथियमकडे नाहीच. इथे हाताशी असलेला खरा उपाय एकच: कापून काढणं, आणि तेही लवकर. उशीर झाला की ते हाडात, सांध्यात उतरतं. अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये पिथियमच्याच अंशांपासून केलेली लस टोचून उपचार करतात. ब्राझीलमधल्या पंतनालच्या दलदलीत घोड्यांना हा रोग फार होतो. आम्हाला इथे ती मिळाली नाही.

कापायच्या आधी खात्री हवी होती. डॉक्टरांनी कडेचा एक तुकडा आणि दोन कंकर काढले. अर्धं फॉर्मालिनमध्ये, अर्धं निर्जंतुक पाण्याच्या बाटलीत. मी सवयीने बर्फाचा डबा आणला तर म्हणाले, "बर्फ नको. हा थंडीत मरतो, मग प्रयोगशाळेत उगवणार नाही. तुमच्या पर्समध्येच ठेवा." मी मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईला भाऊच्या धक्क्याला गेले. तासभर ती बाटली मांडीवर धरून बसले होते. समोर एक लहान मुलगी वेफर खात होती आणि माझ्या मनात एकच, की ही बाटली सांडायला नको.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून नेहमीच्या रंगकामावर आधी काहीच स्पष्ट आलं नाही. डॉक्टरांनी फोन करून चांदीच्या क्षाराने रंगवायला सांगितलं. त्यात तंतू काळेभोर उठले. रुंद, आडवे पडदे फारसे नसलेले, फांद्या फुटलेले. फोटो माझ्या फोनवर आहे. हिरवट पार्श्वभूमीवर कुणीतरी शाईने मुळं काढावीत तसे. कंकर म्हणजे काय तेही तेव्हा कळलं. हे तंतू आणि त्यांना मारायला धावून गेलेल्या तिच्याच रक्तातल्या पेशी, एकमेकांत अडकून मेलेल्या आणि थिजलेल्या. इतके दिवस मी ते रोगाचं बी समजत होते. त्यात अर्धी शेवंतीच होती.

रिपोर्टची वाट पाहत होतो त्या दिवसांत डॉक्टरांनी किनाऱ्यावरची बाकीची जनावरंही पाहिली. आमच्या पांढऱ्या बादलच्या पाठीवर खपल्या होत्या. एक उचलली तर केसांचा झुबका मुळासकट आला, रंगाच्या कुंचल्यासारखा. ते पावसात सतत भिजल्याने होतं, जिवाणूचं, आणि कोरडं ठेवलं की बहुधा बरं होतं. त्याच बादलच्या शेपटीखाली काळ्या टणक गाठी आहेत. आम्ही त्यावर वर्षभर कडुलिंबाचं तेल लावत होतो. वयाने पांढऱ्या होत जाणाऱ्या घोड्यांना अशा गाठी फार वेळा येतात, रंगाच्या पेशींच्या, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षं हळूच वाढतात. तेलाने त्यांचं काही होत नाही. शेजाऱ्यांचं तट्टू दर पावसाळ्यात माडाला आयाळ घासून घासून मान उघडी करतं, त्याचं कारण चिलटं. त्यांच्या लाळेची त्याला ॲलर्जी. ही चिलटं तिन्हीसांजेला आणि पहाटे येतात, म्हणून त्या वेळी आत बांधायचं आणि पंखा लावायचा. आम्ही या सगळ्याला आजवर एकच शब्द वापरत होतो: खरूज.

दसऱ्याला दरवर्षी शेवंतीला न्हाऊ घालून, कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ घालून किनाऱ्यावर नेतो. या दसऱ्याला ती पागेतच होती. आप्पांनी माळ दाराला बांधली.

शस्त्रक्रिया दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी सातला. पागेत भाताच्या पेंढ्याचा जाड थर, वर स्वच्छ ताडपत्री. मानेच्या शिरेत इंजेक्शन दिल्यावर ती आधी डोकं खाली घालून झुलली आणि मग दुसऱ्या इंजेक्शनने दादाच्या आणि आणखी तिघांच्या आधाराने हळूहळू आडवी झाली. डोळ्यावर ओला टॉवेल टाकून डोकं धरायचं काम माझं. पायाला वर रबरी पट्टा आवळला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, दिसतंय तेवढंच काढून भागणार नाही, चांगल्या दिसणाऱ्या कातडीतूनही बोटभर आत जायचं. ते बोटभर कापलेलं पाहणं सगळ्यात कठीण गेलं. आजारी मांस कापताना मन तयार होतं, निरोगी कातडीवर सुरी टेकली तेव्हा मी नजर फिरवली.

स्टीलच्या वाडग्यात तेवीस कंकर निघाले. मोठा हरभऱ्याएवढा. हाडावरचं आवरण शाबूत होतं. डॉक्टरांनी ते दोनदा तपासलं आणि मग मला म्हणाले, "वेळेवर नाही, पण फार उशिराही नाही."

पुढचे दिवस पट्टीचे. रोज सकाळी धुणं, वाळवणं, नवी पट्टी. सोबत पोटॅशियम आयोडाइड, गुळात कालवून. पहिले दोन दिवस तिने गूळ खाल्ला, तिसऱ्या दिवशी वास ओळखला आणि तोंड फिरवलं. मग आप्पांनी भाकरीत लपवून दिलं. दोन आठवड्यांनी तिच्या अंगावर कोंडा धरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चंदी अर्धी टाकू लागली. रोग पसरला म्हणून मी घाबरले, पण ते आयोडिन जास्त झाल्याचं लक्षण होतं. आठवडाभर थांबवलं, मात्रा उतरवून पुन्हा सुरू केलं.

तेराव्या दिवशी पट्टी सोडताना वरच्या कडेला दोन ठिपके दिसले. ज्वारीच्या दाण्याएवढे, काळपट लाल. बाकी जखम गुलाबी, सुंदर भरत होती. कुणीही म्हणालं असतं की रक्त साकळलंय. पण डॉक्टरांनी मला हेच शोधायला शिकवलं होतं: नव्या मांसात काळपट ठिपका दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. त्याच संध्याकाळी ते आले, जागा बधिर करून ठिपके आणि भोवतालचं मांस कापलं, तळ जाळला. दिवाळीनंतर आणखी एकदा तसंच एक ठिपका. त्यानंतर नाही.

घरात माझा भाचा लहान आहे, त्यामुळे मी विचारलं होतं की हे आम्हाला लागेल का. घोड्याकडून घोड्याला किंवा घोड्याकडून माणसाला हा रोग जात नाही. माणसाला होतो, थायलंडमध्ये भातशेतीतल्या माणसांत आढळतो, पण तोही पाण्यातूनच. वहिनीने त्या दिवसापासून मुलाला डबक्याकडे फिरकू दिलेलं नाही.

संक्रांतीपर्यंत जखम बुजली. तिथे आता केस नाहीत, तळहाताएवढी गुळगुळीत करडी कातडी आहे, उन्हात मलम लावावं लागतं. किल्ल्याच्या खडकाळ वाटेने, पाण्यातून गाडी ओढायला आम्ही तिला परत लावली नाही. कोरड्या वाळूवर मुलांना पाठीवर घेऊन फिरते. कमाई कमी झाली आहे, आणि दादाने त्याबद्दल एकदाही तोंड उघडलेलं नाही.

मे महिन्यात दादा आणि मी मिळून डबक्यापासून खाडीकडे चर खणायला गेलो. भराव दुसऱ्याच्या जागेत, त्यामुळे पूर्ण नाला मोकळा करता आला नाही. ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. तोवर डबक्याला बांबूचं कुंपण घातलं आणि पागेत सिमेंटचा उंच ओटा बांधला. पाऊस लागल्यापासून शेवंती ओट्यावर उभी राहून पलीकडच्या पाण्याकडे बघत असते. माशा तिला सतावतात. वहिनीने जुन्या साडीची झालर करून तिच्या कपाळाला बांधली आहे. रोज संध्याकाळी चारही पाय कोरडे पुसून, बॅटरी धरून मी बघते.

परवा आक्षीहून एक जण घोडा घेऊन आला. पुढच्या पायाला ओली जखम, पंधरा दिवसांची. म्हणाला, "आप्पा, बरसाती आहे ना?"

आप्पा खाली बसले. हातमोजे चढवले, जे ते आता खिशातच ठेवतात. कडा दोन्ही अंगठ्यांनी दाबत म्हणाले, "कुठली, ते बघू दे आधी."